जिंकलेलं बटण

पोकरचा शेवटचा डाव होता. जास्त बटणं जिंकेल त्याने नशीब आजमावायला शहरात जायचं, हरेल त्याने पाय गेलेल्या बाबांना आणि शिलाईच्या दुकानाला सांभाळायचं, असं बहीणभावाचं ठरलेलं. दादापुढची रास जरा मोठी होती. दोघांनी एकेक बटण मध्ये टाकलं. तिने आपले दोन पत्ते उचलले. दोन्ही एक्के. मोठी जोडी आली की चेहरा पाडायचा, थोडंच लावायचं, समोरच्याला हाव सुटू द्यायची, तोंडातून ब्र काढायचा नाही, बाबांनीच शिकवलेलं. तिने सुस्कारा टाकत दोन बटणं सरकवली. दादा हसला; सगळी रास पुढे लोटायला त्याने हात लावला. तेवढ्यात तिच्या मागच्या खाटेवरून बाबा म्हणाले, “एक्के रोज येत नाहीत, पोरी.” दादाने हात मागे घेतला आणि पत्ते पालथे टाकून डाव सोडला. तिला डावातलं त्याचं एकच बटण मिळालं; रास अजून दादाचीच मोठी होती. बाबांनी हातातला शर्ट पुढे केला. “बरं झालं. याला एकच कमी होतं.”