काठोकाठ

डिझाईन शिकणारी संयोगिता मोठमोठ्या डिझायनरांना ईमेल धाडून थकली, तेव्हा तिनं पुठ्ठ्याचे पाच डबे केले. झाकण उघडलं की तळाशी तिची चित्रं आणि एक प्रश्न: ‘मला हाताखाली घ्याल?’ तिच्या वडिलांनी, आप्पांनी, ते उन्हाळ्याच्या तोंडाला तासगावातून कुरिअर केले. मिरगाचा पाऊस आला तरी उत्तर नाही. कॉलेजवरून येऊन ती घरच्या शेडमध्ये बेदाणा निवडायला बसायची, मधूनच फोन बघायची, पुन्हा निवडत राहायची. आज पुण्याच्या एका डिझायनरबाईंचा मेसेज आला: ‘बेदाणे काल संपले, तेव्हा तळ दिसला. काम फार आवडलं. पण गेल्याच आठवड्यात दुसरी मुलगी घेतली गं.’ तिनं आप्पांकडे बघितलं. “डब्यात बेदाणे तुमी घातलेले?” “मग! रिकामा डबा कुणाच्या दारात धाडत्यात व्हय? निवडून घातले, काठोकाठ. का गं, काय म्हणत्यात?” तिनं फोन पालथा ठेवला. “लय गोड होते म्हणत्यात.”