शेरवानीतली वही

वही काळ्या शेरवानीच्या आतल्या खिशात सापडली. ऊन दाखवायला म्हणून मुनिरानं ट्रंकेतले कपडे अंगणात पसरले होते. निजामाच्या दिवसांत तिचा नवरा नूरमोहम्मद हीच शेरवानी घालून कचेरीत जायचा. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी गेली, मागाहून कचेरीतली उर्दूही गेली. नऊ-दहा वर्षांत शेरवानीला कोणी हात लावला नव्हता. मग तिच्या खिशात ही नवी वही कुठून आली?

पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यांच्या उस्मानपुऱ्यात घरात लपवलेला कागद दिसला की माणसं झडतीच्या भीतीनं आधी दाराला कडी लावत. तिनंही लावली. मग वही उघडली. आत मराठी होतं.

मुनिरा माहेरची नगरची. तिकडं मराठी शाळेत चार यत्ता शिकलेली. अक्षर नवशिक्याचं होतं, वेडंवाकडं, पण तिला लागलं.

"ती दौलताबादला गेली आहे. आज मी उशिरा उठली. मी तिची हिरवी साडी नेसली. काठ उसवला होता, तो मी शिवला. मी खूप वेळ आरशापुढे बसली."

हिरवी साडी तिच्या निकाहाची. ईदेनंतर ती चार दिवस खालाकडं दौलताबादला गेली होती, हे खरं. परत आल्यावर साडीची घडी उलटी दिसली, हेही खरं. तेव्हा तिनं स्वतःलाच वेंधळी म्हटलं होतं.

पुढची पानं तिला वाचवेनात. वही मिटली, पण डोकं थांबेना. तिच्या शाळेतल्या मराठी पोरी 'मी उठली' कधी म्हणत नसत. 'मी उठले' म्हणत. 'उठली' ती दुसरी कोणी. 'मैं उठी'चं 'मी उठली' करणारी ही बाई घरात उर्दू बोलणारी होती, आणि मराठी नुकतीच शिकत होती.

अशी एकच होती. भिंतीपलीकडची जैतुनबी. उर्दू शाळेत मास्तरीण, बिनलग्नाची. मराठी शिकल्याशिवाय नोकरी टिकत नाही म्हटल्यावर ती आणि नूरमोहम्मद एकाच मास्तरांकडं जाऊ लागले होते. भिंतीला कान असतात म्हणतात. मुनिराला त्या दिवशी भिंतीला दारही दिसलं.

ती पाटी घेऊनच पलीकडं गेली.

"जैतुनबी, देखूं तुमारी मराठी. कल क्या क्या किये, लिखो."

जैतुनबी हसली. तिनं झरझर लिहिलं, 'मी काल शाळेत गेले. उशिरा घरी आले.' अक्षर मोत्यासारखं होतं. मुनिरा त्याच्याकडं बघतच राहिली.

"पैले मैं बी 'गेली' लिखती थी," जैतुनबी म्हणाली. "मास्तर पूछे, ये गेली कौन? दूसरी कोई औरत है क्या? सारी बायां हँसे."

"और मर्दां?"

"मर्दां का वर्ग शाम को. उनकू 'गेलो' सिखाते, हमकू 'गेले'."

म्हणजे जैतुनबी नव्हे. मुनिरा घरी आली आणि तिनं हिरवी साडी उलगडली. पायाशी काठ उसवला होता, तिथं टाके होते. मोठे मोठे, जाड पांढऱ्या दोऱ्याचे. तसला दोरा तिनं नूरमोहम्मदच्या टेबलावर पाहिला होता. कचेरीत फायली शिवायला वापरत.

तर मग कचेरीतली? पण त्या कचेरीत एकही बाई नव्हती.

तिला विचार करायचा नव्हता. सवत घरात येण्याआधी आपण बाहेर पडावं, एवढंच तिला कळत होतं. तिनं पेटी भरली. उद्या सकाळच्या मोटारीनं नगर, भावाच्या, अन्सारभाईच्या घरी. पेटी तिनं दारातच ठेवली, येणाऱ्याला आधी तीच दिसावी म्हणून.

नूरमोहम्मद साडेपाचला आला. पेटीला वळसा घालून आत आला. मुनिराच्या मांडीवरची वही पाहिली आणि टोपी हातात धरून तसाच उभा राहिला.

"कौन है वो?" तिनं विचारलं.

"कोई नै."

"कोई नै? तो मेरी साडी कौन पैनी?"

त्याच्या तोंडाकडं बघून तिला चोर पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखा तो दिसत होता.

"आखरी सफा पढ," तो म्हणाला. "फिर जा. मैं नै रोकता."

तिनं शेवटचं पान काढलं. तीच वेडीवाकडी अक्षरं. त्यांच्यावरच्या रेघा उजवीकडून डावीकडं ओढलेल्या, नूरमोहम्मद उर्दू कागदांवर ओढायचा तशा. एवढी उघड खूण तिला सकाळपासून दिसली नव्हती.

"मी बाई असती तर माझं नाव काय असतं? मी बाई असती तर सकाळी अंगणात केस वाळवत बसली असती. कोणी विचारलं नसतं, का बसली. मी बाई असती तर"

पुढं पान कोरं होतं.

मुनिरानं ते दोनदा वाचलं. बाहेर दोरीवर शेरवानी अजून वाळत होती, दोन्ही बाह्या पसरून.

"उर्दू में कायकू नै लिखे?" शेवटी तिनं विचारलं. "मराठी तो मेरे कू आती."

"उर्दू में सब मेरे कू पैचानते," तो म्हणाला. "अब्बा, भाई, सारा मोहल्ला. इस जबान में मेरे कू कोई नै जानता."

दारातल्या पेटीकडं त्यानं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

मुनिरा उठली. त्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि खाली चटईवर बसली. शेजारची जागा तिनं हातानं झटकली. तो बसल्यावर वही तिनं दोघांच्या मधे धरली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण नवरा-बायको एकमेकांशी मराठीत कधी बोलली नव्हती.

"'असती' चूक आहे," ती मराठीत म्हणाली. "स्वतःबद्दल सांगताना बाई 'असते' म्हणते."