घरची वायर

इस्त्रीची वायर नवऱ्यानं उभ्या जन्मात गुंडाळली नव्हती. पण तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या इलेक्ट्रिक गाडीची चार्जिंगची वायर तो रोज ऑफिसला जाताना लोकरीच्या गुंड्यासारखी हळुवार गुंडाळून द्यायचा. वर खिडकीत बायकोचा तिळपापड व्हायचा. त्यांचंही गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा तिनं म्हणूनच पेट्रोलचा हेका धरला. रोजच्या जाण्यायेण्याला इलेक्ट्रिक बरी, असं शोरूमवाल्यानं घसा कोरडा करून सांगितलं, ती ढिम्म. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. घरचीच वायर असली की हा दुसऱ्यांची कशाला गुंडाळेल? "इलेक्ट्रिकच घेऊ," ती म्हणाली. गाडी आली. पहिल्याच सकाळी ती खिडकीत उभी राहिली. खाली नवरा डॉक्टरीणबाईंची वायर नेटकी गुंडाळत होता. शेजारी घरची नवीकोरी जमिनीवर लोळत होती. वर बघून तो ओरडला, "अगं, आपली तेवढी तू गुंडाळ, मला उशीर होतोय!"