वल्ह्यातला आवाज

होडी मध्यावर येताच जानकीबायनं वल्हं पाण्यात उभं धरून त्याच्या दांड्याला कान लावला. खाडी मेली होती. तळाशी स्पीकर सोडून तिचा जिवंतपणीचा आवाज वाजवत ठेवला होता; तो गजबजाट ऐकून मासे परत येतील म्हणून. ते रेकॉर्डिंग तिच्या नवऱ्याच्या, हसुरामच्या होडीतून झालं होतं. त्यात ढोमे मासे टरटरत आणि मध्येच तो तिच्यावर खेकसे, "गप गं, मासे बोलतायत!" तो गेल्यापासून ती रोज हे ऐकायला यायची.

"मावशी, खरे ढोमे आले का?" होडीत समोर बसलेल्या, स्पीकर सोडणाऱ्या प्रकल्पातल्या केतकीनं विचारलं. "आले असतील तर स्पीकर बंद करू. आवाज तुम्हाला फोनवर देईन."

"फोनात खाडी कुठंय, बाय?"

जानकीबायनं डोळे मिटले. सगळीकडून टरटर उठत होती, रेकॉर्डिंगमध्ये कधीच नव्हती इतकी. त्यात त्याचं खेकसणं जेमतेम ऐकू आलं.

"आले," ती म्हणाली. "कर बंद."

केतकीनं बटण दाबलं. जानकीबायनं पुन्हा वल्ह्याला कान लावला. हुंदका ओठांपर्यंत आला होता, तो तिनं गिळला. मासे बोलत होते.