तोतारामच्या बरडावर

सरदारनं कान टवकारले आणि तोतारामचा तंबाखू चोळणारा हात थांबला. बरडाच्या पलीकडे, दादर ज्वारीच्या उभ्या पिकातून एक काळवीट बाहेर येत होता. पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना चांगले चार पीळ. सकाळचं ऊन नुकतंच वर आलं होतं, त्यामुळे नजर फसली म्हणावं तर तसंही नव्हतं.

तोताराम बांधाआड पालथा झाला. वय पासष्ट, गुडघे कधीचे कामातून गेलेले, पण आत्ता त्याला गुडघ्यांची आठवणही नव्हती. नऊ हिवाळे झाले होते. शेवटचा नर त्यानं एकोणऐंशी सालच्या पौषात पाहिला होता. त्यानंतर आज.

पारध त्याच्या घरात पिढ्यांची. बंदूक नाही, भाला नाही. घरी वाढवलेला नर घ्यायचा, त्याच्या शिंगांना तातीचे, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या दोरीचे, फास बांधायचे आणि त्याला मोकळ्या रानात सोडून आपण आडोशाला बसायचं. परका नर आपल्या रानात शिरलेला दिसला की कळपाचा धनी चवताळून येतो, शिंगाला शिंग भिडवतो आणि फासात गुंततो. मग धावत जाऊन धरायचं. सरदार हा असाच घरी वाढवलेला, तोतारामच्या हातचे दाणे खाऊन आता म्हातारा झालेला नर.

बापाच्या काळी याच बरडावर आठवड्यातून दोनदा संधी यायची. तोतारामच्या तरुणपणी ती महिन्याला एकदा येऊ लागली, पुढे हंगामाला एकदा. मग कुरणं नांगरली गेली, तापीकाठी पंप बसले आणि हरणं गेली ती गेलीच. सरकारची बंदी तर कधीचीच होती. पण बंदी मोडायलाही जनावर लागतं.

लोकांना मात्र त्यानं हे कधी कळू दिलं नाही. अमळनेरच्या बाजारात कुणी डिवचलंच, आबा, येतात का हो अजून हरणं, की हा मिशीवर हात फिरवून सांगायचा, न यायला काय झालं, दर हिवाळ्याला चार-पाच नर तरी येतातच. उचलली जीभ लावली टाळ्याला. बाजारात दहा गावची माणसं. ती ऐकायची, मान हलवायची आणि आपापल्या गावी जाऊन सांगायची.

खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, बेबाबाईला माहीत होतं. तिनं यंदा निकराचं सांगितलं होतं. संक्रांतीपर्यंत नर आला तर राहू. नाही आला तर बरड सोडून रावेरला लेकीकडे जायचं. जावई अभिमन केळीचे ट्रक भरायचा. तो सासऱ्यालाही पानं कापायचं काम द्यायला तयार होता. सरदारला तिकडे नेता येणार नव्हतं. त्याला मोकळं सोडायचं, असं ती म्हणाली होती. मोकळं सोडायचं म्हणजे गावच्या कुत्र्यांच्या तोंडी द्यायचं, हे दोघांनाही कळत होतं. संक्रांत परवावर आली होती.

काळवीट पुढे आला. सरदारनं मान खाली घातली. दोघं एकमेकांभोवती फिरले, थांबले, आणि मग शिंगांचा असा खडाखडा आवाज झाला की तोतारामच्या डोळ्यांत पाणीच आलं. कळप आहे. कुठंतरी कळप आहे. आपण खोटं बोलत नव्हतो, फक्त जरा आधी बोलत होतो. दोन्ही नर गुंतले, ओढाताण झाली आणि दोघंही गुडघ्यांवर आले. तोताराम धावला, कितीदा अडखळला ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि त्यानं काळविटाच्या मानेला मिठी घातली.

काळवीट झटापट करीना. रानातल्या जनावराला माणसाचा हात लागला तर ते जिवाच्या आकांतानं लाथा झाडतं. यानं मान वळवली आणि तोतारामची मूठ हुंगायला सुरुवात केली. ओलं नाक बोटांमधून फिरत होतं. तो दाणे शोधत होता.

तोतारामनं त्याच्या शिंगांकडे पाहिलं. त्यांनाही फास होते.

तेवढ्यात ज्वारीतून एक म्हातारा धापा टाकत आला. हातात दोरी, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यानं आल्या आल्या तोतारामला कवटाळलं आणि लहान मुलासारखा रडू लागला. नाव उखर्डू, साक्रीकडचा. त्याच्या रानात अकरा वर्षांत हरणाचा खूर उमटला नव्हता. आपला नर घेऊन तो चार दिवस चालत आला होता. सरदारच्या पाठीवर तो पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. त्या अधू नजरेला तो रानचा वाटत होता.

"तुना रानमा हरनं येतस, असं बाजारमा आयकं व्हतं," उखर्डू म्हणाला. "खरं निंघनं, भाऊ. आठे अजून कितला शेतस?"

इथे अजून किती नर आहेत? तोतारामची जीभ सवयीनं खोटं बोलायला निघाली. पण या वेळी ती वळेना. दोन्ही नर शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसून धापा टाकत होते. त्यानं एक हात याच्या शिंगावर ठेवला, एक त्याच्या.

"दोनच शेतस, भाऊ," तो म्हणाला. "एक मना, एक तुना."