नंतर बघतो

आमच्या ऑफिसातल्या अण्णांना एक खोड होती. काम अर्धवट राहिलं की सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्येच 'नंतर बघतो' असं लिहून ठेवायचे. हार्ट अटॅकने गेले तेही सर्व्हर रूममध्येच, दाराशी सापडले. मग त्या ओळी शोधायला मी देखरेखीचं सॉफ्टवेअर लावलं आणि सगळ्या एका दमात, न वाचता पुसल्या. त्याच दाराच्या इलेक्ट्रॉनिक कुलपाच्या फाइलमधली एक तेवढी रोज परत यायची.

साहेब म्हणाले, "अगं, जुन्या बॅकअपमधून येत असेल. पूस आणि मोकळी हो."

आज मात्र वैतागून मी सर्व्हर रूममध्येच शिरले. मोबाइल बाहेर टेबलावर राहिला. दार मागे आपोआप लागलं. तिथल्या स्क्रीनवर ती फाइल उघडली आणि पहिल्यांदाच 'नंतर बघतो'च्या वरची ओळ वाचली: 'दार आतून उघडत नाही.'

मी धावत जाऊन हँडल दाबलं. पुन्हा दाबलं.

मागे स्क्रीनवर सॉफ्टवेअरचा हिरवा निरोप झळकला: 'तपासणी पूर्ण. नको असलेली एकही ओळ नाही.'

आजची 'नंतर बघतो'ची ओळ मी अजून पुसलीच नव्हती.