गरम झाल्यावरचा काटा

तेलाच्या दाबाचा काटा चारवर जाऊन थांबला आणि पवित्राचं तोंड उतरलं.

चार म्हणजे ठणठणीत. इंजिनात तेल दाबानं फिरतंय, गाडीला काही धाड भरलेली नाही. मग तेलाचा लाल दिवा कागलपासून उचगावपर्यंत कशाला पेटून राहिला होता? ड्रायव्हर आकाराममामांनी तेवढ्यात निकाल लावला. सेन्सरच खराब हाय, बदला आणि सोडा गाडी. ट्रकचे मालक गणपतराव घड्याळ बघत उभे होते. आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, घरात कोण गडीमाणूस न्हाय व्हय. गडीमाणूस म्हणजे अप्पा, पवित्राचे वडील. गॅरेज त्यांचं. पण ते सकाळपासून एमआयडीसीत कुणाच्या तरी बंद गाडीखाली होते. मामा सारखे म्हणत होते, अप्पा येऊ देत. अकरावीतल्या पवित्राला तेच झोंबलं होतं.

“अप्पा कशाला? मी बघतो की,” असं म्हणून तिनं सेन्सर काढला होता आणि त्याच भोकात मास्टर गेज बसवला होता. केबिनमधला दिवा खोटं बोलेल, हा काटा बोलत नाही.

आणि आता हा काटाच मामांच्या बाजूनं बोलत होता.

गाडी वीस वर्षांची. गणपतरावांनी दिवाळीतच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, इंजिन खोलायची वेळ आली की ही गाडी भंगारात. नवी येईल, ती पुतण्या धैर्यशील चालवेल. मामांनी साठी गाठलेली. त्यांना दुसरीकडं कोण स्टेअरिंग देणार? हे पवित्राला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि ऐनवेळी आठवणं वेगळं. तिच्या डोक्यात फक्त काटा होता.

मग तिच्या लक्षात आलं. गाडी सकाळी आली ती दुपारपर्यंत झाडाखाली उभी. इंजिन थंडगार. थंड इंजिनात तेल घट्ट, काटा वर जाणारच.

ती म्हणाली, चालू राहू दे, गरम होऊ दे. मामा म्हणाले, मालकाचं डिझेल फुकट जाळतीस. गणपतराव मात्र आता जवळ सरकले होते. अर्धा तास इंजिन धडधडत राहिलं. काटा तीनवर आला. मग दोनवर. मग एकाच्या खाली उतरून म्हाताऱ्याच्या मानेसारखा थरथरायला लागला. पवित्राला शिट्टी मारावीशी वाटली.

इंजिन बंद करून तिनं खालचा नट सैल केला आणि ट्रेमध्ये थोडं तेल घेतलं. गरम तेल पाण्यासारखं पळायला पाहिजे. हे काकवीसारखं लोंबत आलं. तिनं वास घेतला. हा वास गिअरबॉक्सचा. इंजिन झिजलं की त्यात गिअरचं जाड तेल मिसळायचं, म्हणजे काही दिवस दाब वर राहतो आणि दुखणं झाकतं. मग तिनं तेलाचा फिल्टर करवतीनं कापला आणि आतला कागद उन्हात पसरला. कागदावर तांब्याचा चुरा चमचमत होता. तिला तो सोन्यासारखा दिसला.

त्याच वेळी अप्पांची मोटारसायकल आत आली. त्यांनी ट्रेकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, मामांकडं बघितलं.

“पवित्रा, ते राहू दे. आधी सेन्सर बदल.”

“तीनदा बदललाय की तुम्हीच,” पवित्रा म्हणाली. बोलत अप्पांशी होती, पण बघत गणपतरावांकडं होती. “सेन्सरचा काय दोष? आतली बेअरिंगं खलास हाईत. हे बघा तांबं. आणि ते कळू नये म्हणून कुणीतरी यात गिअरचं तेल ओतलंय.”

अप्पांनी तोंड उघडलं. पण गणपतरावांनी आधी विचारलं, कुणी?

“मी,” आकाराममामा म्हणाले. “मीच ओतलं, मालक.”

मग गणपतराव जे सुटले ते सुटलेच. खाल्ल्या मिठाला जागला नाहीस, माझ्या गाडीत विष कालवलंस, असं पार शेजारच्या टायरवाल्याला ऐकू जाईपर्यंत. किल्ली त्यांनी तिथंच काढून घेतली. भंगारवाल्याला फोनही तिथंच लावला. जाताना अप्पांना म्हणाले, पोरीनं डोळं उघडलं आमचं, आता बाकीच्या पाच गाड्या हिच्याच हाताखालनं जातील.

मामांनी केबिनमधून जेवणाचा डबा तेवढा उतरवून घेतला. पवित्राजवळ क्षणभर थांबले. हात चांगला हाय तुझा, एवढंच म्हणाले, आणि हायवेच्या दिशेनं चालत गेले.

पवित्रा रॉकेलनं हात धूत होती आणि गाणं गुणगुणत होती. पाच गाड्या. उद्या कॉलेजात हे कुणाकुणाला सांगायचं, याची यादी मनात तयार होत होती. मामांचं तेवढं वाईट वाटत होतं, पण लबाडी ती लबाडीच. तिनं तसं अप्पांना बोलूनही दाखवलं, की इतक्या वर्षांचा माणूस, असा निघेल असं वाटलं नव्हतं.

अप्पा ट्रेमधलं तेल डब्यात ओतत होते. धार बारीक झाली तसा त्यांनी ट्रे खाली ठेवला.

“त्याला इंजिनातलं काय कळतंय, पवित्रा,” ते म्हणाले. “पाडव्यापासनं ते तेल मी ओततोय.”